मेशर ‘नाही’ कसं म्हणतो?

फायनाइट एलिमेंटवरचा कुठलाही पेपर उघडा. ‘पद्धती’च्या भागात एक वाक्य हमखास भेटतं: ‘मॉडेलची मेश अमुक मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तयार केली; त्यात इतके लाख एलिमेंट आहेत.’ पूर्णविराम. पुढच्या परिच्छेदात थेट निकाल आणि रंगीबेरंगी चित्रं. मटेरियलच्या गुणधर्मांवर अर्धं पान असतं, सॉल्व्हरवर दोन-चार ओळी असतात, आणि ज्या जाळीवर हा सगळा डोलारा उभा आहे तिच्या वाट्याला एक वाक्य येतं.

आजची पोस्ट त्या वाक्याबद्दल आहे. खरं तर त्या वाक्यात ज्यांची नावं येतात त्या सॉफ्टवेअरबद्दल: जीमेश, टेटजेन, नेटजेन आणि त्या मानाने नवं एफटेटवाइल्ड. चारही मोफत मिळतात, चारही उत्तम आहेत, आणि चौघांवर मिळून जगभरातल्या कितीतरी प्रबंधांचा भार आहे. म्हणूनच त्यांच्यावर नीट टीका व्हायला हवी. एरवी त्यांची तुलना होते ती वेगावर: कोणी किती सेकंदांत किती एलिमेंट केले. मला ही कसोटी अपुरी वाटते. भूमिती साधी असेल तर चौघंही पास होतात. माझी कसोटी वेगळी आहे. जे काम जमण्यासारखं नाही ते समोर आलं, की हा मेशर ‘नाही’ कसं म्हणतो? तोंडावर म्हणतो, हळूच म्हणतो, की म्हणतच नाही?

आधी थोडी पार्श्वभूमी

नेहमीच्या वाचकांनी हा भाग ओलांडून पुढे गेलं तरी चालेल. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगते.

समजा, आपल्याला मांडीच्या मोडलेल्या हाडावर प्लेट आणि स्क्रू बसवल्यावर कुठे किती स्ट्रेस येतो ते काढायचं आहे. हाडाचा आकार सीटी स्कॅनमधून मिळतो. त्या आकारावर थेट समीकरण सुटत नाही, म्हणून त्याचे लाखो छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात उत्तर साध्या सूत्राने लिहायचं आणि सगळे तुकडे जोडून एक मोठी समीकरणांची चळत सोडवायची. या तुकड्यांच्या जाळीला मेश म्हणतात. त्रिमितीत सगळ्यात सोयीचा तुकडा म्हणजे चतुष्फलक, आमच्या बोलीत ‘टेट’: चार कोपरे, चार त्रिकोणी बाजू.

कागदावरच्या आकाराचे त्रिकोण करणं त्या मानाने सोपं आहे. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यासमोर आणा. कुठलाही बहुभुज घ्या, कितीही वेडावाकडा. फक्त त्याचेच कोपरे जोडून त्याचे त्रिकोण पाडता येतातच. हे सिद्ध झालेलं आहे. त्रिमितीत मात्र ही हमी नाही. एक त्रिकोणी लोलक घ्या आणि ओला कपडा पिळतो तसा त्याचा वरचा त्रिकोण थोडा फिरवा. बाजूचे तीन चौकोन आत दुमडतात आणि सहा कोपऱ्यांचा एक बहुफलक मिळतो. त्याचे कुठलेही चार कोपरे घेऊन टेट करायला जा, त्याची एक कड तरी आकाराच्या बाहेर जाते. म्हणजे आतमध्ये एखादा नवा बिंदू घातल्याशिवाय याचे टेट होतच नाहीत. शोनहार्ट यांनी हे १९२८ साली दाखवलं. पुढे १९९२ साली रुपर्ट आणि झायडेल यांनी सिद्ध केलं की दिलेल्या बहुफलकाचे नवे बिंदू न घालता टेट होतील की नाही, हे ठरवणं एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे मोठ्या आकारांसाठी त्याचं खात्रीचं आणि झटपट उत्तर देणारी पद्धत आज कोणापाशी नाही.

हे सांगायचं कारण एवढंच, की त्रिमितीतला मेशर अडतो तेव्हा तो आळशी किंवा कच्चा असतो असं नाही. प्रश्नच तसा आहे. त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याची वेळ प्रत्येक मेशरवर येणार, हे गृहीत धरूनच त्याचं मूल्यमापन करायला हवं.

पापड झालेला टेट

दुसरी अडचण जास्त धूर्त आहे. बहुतेक मेशर डेलोने पद्धतीवर चालतात. नियम साधा आहे: प्रत्येक टेटच्या चार कोपऱ्यांतून जाणारा गोल काढा, म्हणजे त्याचा परिगोल; त्या गोलाच्या आत दुसरा कुठलाही बिंदू असता कामा नये. द्विमितीत हा नियम पाळला की एक सुंदर गोष्ट फुकट मिळते. त्या बिंदूंवर शक्य असलेल्या सगळ्या जाळ्यांपैकी जिचा सर्वात लहान कोन सर्वात मोठा आहे, ती जाळी मिळते. बारीक, सुईसारखे त्रिकोण शक्य तितके टळतात.

त्रिमितीत ही देणगी मिळत नाही. एका गोलाच्या विषुववृत्तावर सारख्या अंतराने चार बिंदू ठेवा. समोरासमोरचे दोन किंचित वर उचला, उरलेले दोन किंचित खाली दाबा. या चौघांचा टेट डेलोनेच्या नियमात व्यवस्थित बसू शकतो. कडा लांब आहेत, परिगोल साधासरळ आहे. पण टेट मात्र पापडासारखा सपाट, घनफळ जवळजवळ शून्य. याला स्लिव्हर म्हणतात.

स्लिव्हर इतका त्रासदायक का, तर तो नेहमीच्या चाचणीत पकडलाच जात नाही. टेटचा दर्जा मोजायचं एक प्रचलित माप म्हणजे परिगोलाची त्रिज्या भागिले सर्वात लहान कड. हा आकडा जितका लहान तितका टेट चांगला. सर्व कडा समान असलेल्या आदर्श टेटसाठी तो साधारण ०.६१ येतो. आपल्या पापडासाठी तो येतो ०.७१! म्हणजे या मापाने बघितलं तर पापड आणि आदर्श टेट जवळजवळ शेजारी बसतात.

सॉल्व्हरला मात्र फरक लगेच कळतो. टेटची उंची शून्याकडे गेली की स्टिफनेस मॅट्रिक्समधले आकडे फुगतात आणि इटरेटिव्ह सॉल्व्हर अडखळायला लागतो. धडक किंवा आघाताचं गणित एक्सप्लिसिट पद्धतीने करत असाल तर टाइम स्टेप सगळ्यात चपट्या एलिमेंटवरून ठरते. एक पापड अख्खं गणित रांगायला लावतो. आणि दोन पृष्ठांमधला कोन १८० अंशांच्या जवळ गेला की त्या टेटमधला स्ट्रेस विश्वासार्ह राहत नाही. वीस लाखांत असे पाच टेट असले तर हाडाच्या एकूण वाकण्यावर काही परिणाम दिसणार नाही. पण ते पाच जर स्क्रूच्या आट्यांपाशी असतील, तर आपण पेपरच्या सारांशात जो ‘कमाल स्ट्रेस’ लिहितो तो आकडा नेमका तिथूनच आलेला असू शकतो.

टेटजेन: अर्ज परत करणारा

बर्लिनच्या वायरस्ट्रास संस्थेतल्या हांग सी यांचं हे काम. त्यावरचा सविस्तर पेपर २०१५ साली आला. टेटजेनला बंद, स्वच्छ पृष्ठभाग द्यावा लागतो. दोन त्रिकोण एकमेकांना छेदत असतील तर तो काम थांबवतो आणि साधारण कुठे छेद आहे ते सांगतो. फक्त असे छेद शोधण्यासाठी वेगळा पर्यायही त्यात आहे. खिडकीवरच्या कडक कारकुनासारखा त्याचा खाक्या आहे: अर्ज अपूर्ण आहे, घेऊन जा, पुन्हा या.

नवीन विद्यार्थी यावर वैतागतात. सीटी स्कॅनमधून काढलेला पृष्ठभाग कधीच स्वच्छ नसतो; त्यात पायऱ्या असतात, भोकं असतात, एकमेकांत घुसलेले त्रिकोण असतात. टेटजेन पुन्हा पुन्हा परत पाठवतो. पण माझ्या मते हा त्याचा सर्वात मोठा गुण आहे. त्याचा नकार म्हणजे माहिती असते. तुमच्या पृष्ठभागात जिथे दोष आहे तिथेच तो बोट ठेवतो आणि तुम्हाला मूळ आकाराकडे परत बघायला लावतो.

त्याच्यावर टीका करायची तर ती होकारावर करायला हवी. दर्जाचा पर्याय नुसता चालू केला, तर तो त्रिज्या आणि कडेच्या त्याच गुणोत्तरावर अट घालतो आणि मर्यादा धरतो २. वरचा ०.७१चा पापड या चाळणीतून अलगद खाली पडतो. पृष्ठांमधल्या किमान कोनाची अट आपण वेगळी सांगावी लागते. म्हणजे नकार देताना इतका काटेकोर असलेला हा कारकून, होकार देताना मात्र एका ढिल्या मापावर शिक्का मारतो. कागदपत्रांत हे लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पण ‘दर्जेदार मेशचा पर्याय वापरला’ असं पेपरात लिहिणाऱ्या किती जणांना त्या पर्यायाचा अर्थ माहीत असतो?

नेटजेन: दमल्यावर थांबणारा

योआखिम शोबर्ल यांचं नेटजेन वेगळ्या वाटेने जातं. त्यांचा मूळ पेपर १९९७चा. इथे पृष्ठभागापासून सुरुवात करून आतल्या दिशेने एकेक टेट रचत जातात, गवंडी भिंत चढवतो तसं. कुठल्या परिस्थितीत कुठला टेट ठेवायचा याचे नियम आधी लिहून ठेवलेले असतात. मोकळ्या जागेत हे सुरेख चालतं. अडचण होते ती शेवटी, जेव्हा चारही बाजूंनी आलेल्या भिंती मध्ये भेटतात आणि उरलेल्या पोकळीत कुठलाच नियम नीट बसत नाही.

नेटजेनची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘कधी हात टेकायचे’ हे सांगणारा एक आकडाच आहे. सुरुवातीला तो फक्त चांगले टेट स्वीकारतो. जमलं नाही की दर्जाची अट पायरीपायरीने सैल करतो. ठरलेल्या पायरीपर्यंत गेल्यावरही जमलं नाही तर सोडून देतो. आपण किती तडजोड करणार आहोत हे सॉफ्टवेअरने उघडपणे एका आकड्यात मांडणं, हा प्रामाणिकपणा दुर्मीळ आहे.

पण याचाच दुसरा अर्थ असा, की तुम्हाला मिळालेली मेश कितव्या तडजोडीनंतर मिळाली हे महत्त्वाचं आहे, आणि तुमच्या हातात शेवटी पडते ती नुसती मेश. पुढे सॉल्व्हरकडे जाणाऱ्या फाइलमध्ये बिंदू असतात, टेट असतात. ‘इथे मी अट सैल केली होती’ ही नोंद नसते.

जीमेश: हसतमुख

बेल्जियममधल्या लिएज आणि लूव्हाँ इथल्या क्रिस्तोफ गुझेन आणि जाँ-फ्रान्स्वा रमाक्ल यांनी १९९६च्या सुमारास जीमेश सुरू केलं. २००९च्या त्यांच्या पेपरला आज जगभरातून संदर्भ मिळतात. भूमिती काढणं, मेश करणं, निकाल बघणं, सगळं एकाच छोट्या प्रोग्रॅममध्ये. सगळं मजकुराच्या स्क्रिप्टमध्ये लिहिता येतं, पायथनमधून चालवता येतं, आणि त्याच्या शिकवणीच्या फाइली इतक्या चांगल्या आहेत की मी पहिल्या वर्षाच्या मुलांना दुसरं काही सुचवतच नाही. या चौघांपैकी एकच ठेवायचं ठरलं तर मी जीमेश ठेवीन.

म्हणूनच त्याच्याबद्दल जास्त तक्रार करायचा हक्क आहे.

टेट करून झाले की जीमेश दर्जाच्या पट्ट्या छापतो: ० ते ०.१ मध्ये इतके, ०.१ ते ०.२ मध्ये इतके, असं. सगळं ठीक असेल तर वेड्यावाकड्या आकाराचे टेट उरले नाहीत, असं सांगून शेजारी एक हसरा चेहराही काढतो. उरले असतील तर किती उरले तो आकडा देतो. ही माहिती इतर कोणाहीपेक्षा चांगली आहे. पण ती एक सूचना म्हणून सरकून जाते. शेवटी ‘झालं’ असं म्हणून फाइल लिहिली जातेच. स्क्रिप्टमधून रात्रभर पन्नास मॉडेल चालवणारा विद्यार्थी ती ओळ बघणार कधी? जीमेशचा नकार म्हणजे आपल्याकडच्या ‘बघू, करू’सारखा आहे. ज्याला कळतं त्याला कळतं.

दुसरी गोष्ट एलिमेंटच्या आकारमानाची. जीमेशमध्ये ते अनेक ठिकाणांहून येऊ शकतं: बिंदूंवर दिलेला आकडा, वक्रतेवरून काढलेला आकडा, सीमेवरून आत पसरवलेला आकडा, आणि आपण लिहिलेलं साइझ फील्ड. यातला सर्वात लहान तो जिंकतो. आपण साइझ फील्ड लिहून निर्धास्त होतो आणि मेश मात्र दुसऱ्याच आकड्याने ठरलेली असते. बाकीचे स्रोत बंद करावे लागतात हे शिकवणीत लिहिलंय, पण शिकवणी दहापर्यंत वाचणारे थोडे.

तिसरी गोष्ट सर्वात बोलकी आहे. मॉडेलच्या भागांना नावं द्यायची सोय जीमेशमध्ये आहे, लोड कुठे आणि आधार कुठे ते सॉल्व्हरला सांगण्यासाठी. पण एकदा का कुठल्याही भागाला असं नाव दिलं, की डिफॉल्ट सेटिंगमध्ये फक्त नावं दिलेले भागच फाइलमध्ये जातात. तुम्ही दोन पृष्ठभागांना नावं दिलीत आणि घनभागाला द्यायचं राहिलं, तर स्क्रीनवर सुंदर टेट दिसतात आणि फाइलमध्ये एकही टेट नसतो. यामागे तर्क आहे, तो समजलाही की पटतो. पण गाळलेल्या भागाबद्दल एक ठळक ओळ छापायला काय हरकत होती?

एफटेटवाइल्ड: नाही न म्हणणारा

यीशिन हू आणि सहकाऱ्यांचं टेटवाइल्ड २०१८ साली आलं, त्याची वेगवान आवृत्ती एफटेटवाइल्ड २०२० साली. त्यांचा प्रश्न सरळ होता: खऱ्या जगातले पृष्ठभाग घाणेरडेच असणार, तर मग घाण चालेल असा मेशर का करू नये? त्यांनी चाचणीसाठी थ्रीडी प्रिंटिंगच्या दहा हजार मॉडेल्सचा एक खुला संग्रह घेतला. त्यात भोकं, छेद, उलटे त्रिकोण, सगळं आहे. तिथे इतर मेशर माना टाकतात आणि हे चालतं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे मोठंच यश आहे.

याची किंमत काय, तर पृष्ठभाग जसाच्या तसा राहत नाही. मूळ पृष्ठभागाभोवती एक पातळ वेष्टन कल्पायचं. नवा पृष्ठभाग त्या वेष्टनाच्या आत राहील एवढीच हमी. वेष्टनाची जाडी आपण ठरवू शकतो. नाही ठरवली तर मॉडेल ज्या खोक्यात मावेल त्याच्या कर्णाचा हजारावा भाग धरला जातो.

हजारावा भाग ऐकायला क्षुल्लक वाटतो. आता आपलं मांडीचं हाड घ्या. कर्ण समजा ४५ सेंटिमीटर. हजारावा भाग म्हणजे ०.४५ मिलिमीटर. हाडाच्या स्क्रूच्या आट्यांची खोली असते एक मिलिमीटरच्या आत. म्हणजे पृष्ठभागाला जेवढं सरकायची परवानगी आहे, ते अंतर ज्या तपशिलासाठी आपण सगळा खटाटोप करतोय त्याच्याच मापाचं आहे! अख्ख्या हाडाचं वाकणं बघायचं असेल तर हरकत नाही. आट्यांपाशी स्ट्रेस बघायचा असेल तर तो निकाल तुमच्या स्क्रूचा नाही, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या कुठल्यातरी स्क्रूचा आहे.

शिवाय आत काय आणि बाहेर काय हेही तो स्वतः अंदाजाने ठरवतो. पृष्ठभागाला भोक असेल तर ते बुजवलं जातं. तुमच्या स्कॅनमध्ये तिथे खरोखर भोक होतं की नुसता गोंगाट होता, हा प्रश्न तुम्हाला कोणी विचारत नाही. टेटजेनने तिथे तुम्हाला थांबवलं असतं. एफटेटवाइल्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. जिथे अर्ज परत पाठवून चालतच नाही तिथे त्याला पर्याय नाही. पण जो कधीच नाही म्हणत नाही त्याच्या ‘हो’ची किंमत आपल्यालाच तपासावी लागते.

‘तिन्हीत करून बघितलं’

आता थोडं वेगळं, पण याच मुद्द्याला धरून. परीक्षकांनी मेशबद्दल विचारलं की एक उत्तर तयार असतं: ‘आम्ही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही करून बघितलं, फरक आला नाही.’ ऐकायला भक्कम वाटतं. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात कोड एकमेकांच्या घरी राहायला जातो. जीमेशमध्ये सीमा जुळवून घेण्यासाठी टेटजेनचाच कोड वापरलेला आहे, रीतसर परवानगी घेऊन. टेट सुधारण्यासाठी नेटजेनची पद्धत चालवायचा पर्याय जीमेशमध्येच आहे. फ्रीकॅडच्या फायनाइट एलिमेंट विभागात मेश करायला गेलात तर आतून काम करतात ते जीमेश किंवा नेटजेन. सलोममध्येही नेटजेन भेटतं.

यात गैर काहीच नाही. उलट हेच मुक्त सॉफ्टवेअरचं वैभव आहे. मराठीत आपल्याला ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द मिळालेत आणि इथे त्यातला फरक कळतो: मोफत म्हणजे पैसे लागत नाहीत, मुक्त म्हणजे आत डोकावता येतं, घेता येतं, बदलून पुढे देता येतं. अर्थात प्रत्येकाच्या अटी निराळ्या. जीमेश जीपीएलखाली आहे, नेटजेन एलजीपीएलखाली, टेटजेन १.५ या आवृत्तीपासून एजीपीएलखाली. हा कोड आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून पुढे वाटायचा असेल तर या अटी वाचूनच पुढे जा.

पण तीन वेगळ्या नावांखाली एकच कोड चालला असेल तर तीन साक्षीदार झाले असं म्हणता येत नाही. साक्षीदार एकच, त्याने तीनदा जबानी दिली. स्वतंत्र पडताळणी हवी असेल तर आतून वेगळी पद्धत हवी, किंवा त्याहून सोपं म्हणजे त्याच मेशरमध्ये मेश बारीक करत जाऊन उत्तर स्थिरावतं का ते बघायला हवं. कडेची लांबी निम्मी केली की टेट साधारण आठपट होतात, म्हणून लोक हे टाळतात. खर्च आहे खरा.

आणि हेही आंधळेपणाने करून चालत नाही. आपल्या कोयना धरणाचं उदाहरण जगभरातल्या फायनाइट एलिमेंटच्या अभ्यासात वापरतात. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात या १०३ मीटर उंच धरणाला तडे गेले. ते खालच्या अंगाच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीवर प्रामुख्याने होते. मॉडेलमध्ये तो बदल टोकदार कोपरा म्हणून काढला आणि मटेरियल लवचीकच मानलं, तर मेश बारीक कराल तसा त्या कोपऱ्यातला स्ट्रेस वाढतच जातो. तो स्थिरावणारच नाही, कारण गणिताप्रमाणे तिथे तो अनंत आहे. इथे सगळे टेट आदर्श असले, हसरा चेहरा आला, तरी ‘कमाल स्ट्रेस’ या आकड्याला अर्थ नाही. हे सांगणं मेशरच्या अखत्यारीतच नाही. ते ‘नाही’ आपल्यालाच म्हणावं लागतं.

मग त्या वाक्याचं काय करायचं?

मला वाटतं, दोष सॉफ्टवेअरइतकाच ते वाक्य चालवून घेणाऱ्या आपल्या सवयीत आहे. या प्रोग्रॅममागे मोजकी माणसं आहेत, बहुतेक विद्यापीठांमधली, आपलं संशोधन सांभाळून हे चालवणारी. त्यांनी आपल्यासाठी दर्जाच्या पट्ट्या छापल्या, हात टेकायचा आकडा उघडा ठेवला, वेष्टनाची जाडी बदलायची सोय दिली. आपण ते सगळं ओलांडून फक्त एलिमेंटची संख्या उचलतो आणि पेपरात टाकतो. खरं तर तीच सगळ्यात कमी सांगणारी गोष्ट आहे.

तरी मेशर लिहिणाऱ्यांकडे एक मागणी आहेच. मेशच्या फाइलमध्येच दोन-चार ओळींची नोंद लिहा: आवृत्ती कोणती, कुठले डिफॉल्ट लागू झाले, अट कुठे सैल केली, सर्वात वाईट टेटचा दर्जा किती आणि तो कुठे आहे. नकार स्क्रीनवर नको, फाइलमध्ये हवा. स्क्रीन बंद होते, फाइल पुढे जाते.

आणि तोपर्यंत आपण काय करायचं, तर ते एक वाक्य चार वाक्यांचं करायचं. मेशर आणि त्याची नेमकी आवृत्ती. एलिमेंटची जात: चार नोडचा टेट की दहा नोडचा. चार नोडचा टेट वाकण्यात उगाचच ताठ वागतो, त्यामुळे हे न लिहिणं म्हणजे अर्धी गोष्ट लपवणं आहे. सर्वात वाईट टेटचा दर्जा कुठल्या मापाने किती, आणि तो आपल्याला महत्त्वाच्या जागेपासून किती लांब. मूळ पृष्ठभाग किती हलला किंवा दुरुस्त केला. आणि जमलं तर स्क्रिप्टच सोबत जोडायची. मुक्त सॉफ्टवेअर वापरलंय तर दुसऱ्याला ती चालवून बघायला कसलंच लायसन्स विकत घ्यावं लागत नाही.

तुमच्यापैकी कोणाचा प्रबंध सध्या ‘पद्धती’च्या प्रकरणावर असेल तर आज एवढंच करा. तुमच्या शेवटच्या मेशचा लॉग उघडा आणि सर्वात खालच्या पट्टीत किती टेट आहेत ते बघा. शून्य असतील तर ते शून्यही लिहा. तोही एक निकाल आहे.